खडकगव्हाणच्या भेळेला संदर्भ हवा

नगरला सावेडीतल्या आमच्या सोसायटीत माझ्याविषयी दोन समज पक्के आहेत. तळमजल्यावरच्या बाई सांगतात की मी घरबसल्या शेअरचे व्यवहार करते. तिसऱ्या मजल्यावरच्यांना वाटतं, मुलगी परदेशात असल्यामुळे मी दिवसभर तिच्याशी बोलत बसते. मुलगी नाशिकला असते आणि माझा फोन उचलत नाही. पण त्यात त्यांची चूक नाही. गॅलरीत लॅपटॉप घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, ‘कशावरून? कोण म्हणतं?’ असं स्वतःशीच पुटपुटणारी म्हातारी बाई दुसरं काय करत असेल, हे त्यांना कुठून कळणार?

मी करते ते असं. इंटरनेटवर मराठीत एक मुक्त ज्ञानकोश आहे. मोबाईलवर एखाद्या गावाचं, गडाचं किंवा नदीचं नाव टाकलं की बहुतेक वेळा पहिलं पान उघडतं ते त्यातलं. ते पान सरकार लिहीत नाही की विद्यापीठ लिहीत नाही. माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं लिहितात. ‘यात सुटतं काय?’ असं सगळे विचारतात. काहीही सुटत नाही. चष्म्याचा नंबर मात्र वाढतो, असं आमचे हे येईल त्याला सांगतात.

त्याआधी माझं आयुष्य टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर गेलं. लोक नंबर विचारायचे, मी सांगायचे. ‘शेवगावात माझा साडू राहतो, मार्केट यार्डाजवळ, अंगानं जाड आहे, त्याचा नंबर द्या’ असं म्हणणाऱ्यालाही मी साडू शोधून दिलेला आहे. पुढे मोबाईल आले, मी निवृत्त झाले आणि मला कोणी काही विचारेनासं झालं. लोकांनी न विचारताही सांगत बसायची सोय या ज्ञानकोशात आहे असं कळलं, तेव्हा मी आनंदाने आत शिरले. तिथे मी ‘चौकशीबाई’ या नावाने वावरते.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावा म्हणून थोडं सांगते. इथे कोणीही लिहू शकतं आणि कोणाचंही लिहिलेलं कोणीही पुसू शकतं. कोणी काय लिहिलं, काय पुसलं, ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की एखादी गोष्ट खरी असून भागत नाही. ती कुठेतरी छापून आलेली असावी लागते, आणि छापणारा माणूस संबंधितांचा नातेवाईक किंवा त्यांच्याकडून काही घेतलेला नसावा. तसा आधार नसला की त्या वाक्याच्या शेपटाला आम्ही ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावतो. हे दोन शब्द मी जितक्यांदा लिहिले तितक्यांदा रामाचं नाव लिहिलं असतं, तर एव्हाना मला पुष्कळ पुण्य लागलं असतं.

या सवयीचा घरात त्रास होतो. एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका ‘पंचक्रोशीत नावाजलेले वकील’ आहेत असं मुलीकडच्यांना सांगितलं जात होतं. मी सहज विचारलं, ‘कोण म्हणतं?’ आमच्या ह्यांनी मला तिथून जिलबीच्या पंगतीत नेऊन बसवलं आणि पंगत उठेपर्यंत शेजारून हलले नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. हिवरे बाजारच्या पानावर पाणलोटाची सगळी नीट माहिती आहे. तिच्याखाली एकाने लिहिलं, ‘येथे माझी मावशी राहते. दूध चांगले असते.’ दोन्ही गोष्टी खऱ्या असणार याबद्दल मला शंका नव्हती. तरी पुसावं लागलं. निवडणूक जवळ आली की जिल्ह्यात युवा नेत्यांची पानं पावसाळी छत्र्यांसारखी उगवतात. एक तर स्वतःच स्वतःचं पान लिहीत होता आणि ‘विनम्र’ हा शब्द त्याने एका परिच्छेदात इतक्या वेळा वापरला होता, की मी सगळे काढल्यावर खाली फक्त जन्मगाव उरलं.

आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हाची धांदल तर विसरणं शक्य नाही. कोणीतरी उत्साहाच्या भरात जुनं नाव जिथे दिसेल तिथे बदलून टाकलं. त्यामुळे पंधराव्या शतकातल्या सुलतानाने अहिल्यानगर वसवलं, आणि पुढे ‘अहिल्यानगरचे नाव बदलून अहिल्यानगर करण्यात आले’ अशी नोंद झाली. दुसऱ्या एकाने ते सगळं उलटं फिरवलं, म्हणजे नाव बदललंच नाही. दोघे एकमेकांना ‘आपण’ म्हणत होते, त्यावरून भांडण किती विकोपाला गेलं होतं ते समजावं. मी मध्ये पडून सांगितलं, जुन्या काळात जुनं लिहा, नव्या काळात नवं लिहा. त्यावर दोघांचं एकमत झालं आणि त्यांनी मला विचारलं, आपण कोण?

पण मला सांगायचं आहे ते खडकगव्हाणचं. शेवगावच्या पुढे, पैठणच्या वाटेवर हे गाव आहे. त्याचं पान मीच सुरू केलं होतं. तालुका, जिल्हा, ऊस, कापूस, तूर आणि एक जुनी बारव. बारवेची माहिती एका जुन्या छापील पुस्तकातून घेतली होती, पण शेवटी मी माझ्या मनाने लिहिलं, ‘पायऱ्या उतरताना डोके सांभाळावे लागते.’ ज्ञानकोशात असा सल्ला देऊ नये. पण पायऱ्यांवरच्या ठेंगण्या कमानीचा प्रसाद मी स्वतः खाल्लेला होता, म्हणून राहू दिला.

एके दिवशी त्या पानावर नवी ओळ दिसली. ‘येथील भेळ पूर्वापार प्रसिद्ध आहे.’ लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नव्हतं. मी ओळ पुसली. ती परत आली. मी परत पुसली, ती परत आली. शेवटी आमच्यातले एक जुने स्वयंसेवक मध्ये पडले. ते वऱ्हाडातले आहेत आणि ‘वऱ्हाडी’ याच नावाने लिहितात. आम्ही कधी भेटलेलो नाही, पण इतक्या वर्षांत माणूस कळतो. वऱ्हाडी फार सभ्य आणि फार चिवट. त्यांनी ओळ ठेवली, तिच्या शेपटाला ‘संदर्भ हवा’ लावलं आणि थोडी वाट पाहू म्हणाले.

वाट पाहिली आणि संदर्भ आला. एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत जिल्ह्यातल्या खाण्याच्या ठिकाणांवर लेख आला. त्यात खडकगव्हाणच्या पूर्वापार प्रसिद्ध भेळेवर एक चौकट होती. वऱ्हाडींनी लगेच पुरवणीचा संदर्भ जोडून चिठ्ठी काढली आणि माझं अभिनंदन केलं. मी चौकट पुन्हा वाचली. शेवटी गावातल्या बारवेचा उल्लेख होता आणि पुढे लिहिलं होतं, पायऱ्या उतरताना डोके सांभाळावे लागते.

म्हणजे लेख लिहिणाऱ्याने आमचं पान उतरवून काढलं होतं, आणि आम्ही आता त्याचा हवाला देत होतो. आमचीच खोटी गोष्ट आम्हाला छापून परत मिळाली होती. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी फजिती नाही. मी वऱ्हाडींना बारवेचं दाखवलं, तर ते म्हणाले की एकच वाक्य दोन माणसांना सुचू शकतं, आणि भेळ नाही याला तरी आपल्याकडे पुरावा कुठे आहे? मी म्हटलं, बघून येते.

आमचे हे एका पायावर तयार झाले. ज्ञानकोशाच्या कामात त्यांनी दाखवलेला हा पहिलाच उत्साह. शिमग्याच्या सुमारास आम्ही शेवगावपर्यंत एसटीने आणि पुढे काळीपिवळीने खडकगव्हाणच्या फाट्यावर उतरलो. समोर पंक्चरचं दुकान होतं आणि त्याला लागून भेळेची गाडी. गाडीवर रंगवलं होतं, ‘सुप्रसिद्ध खडकगव्हाण भेळ. पूर्वापार.’ आणि काचेला आतून, प्लॅस्टिकमध्ये घालून, माझं पान चिकटवलेलं होतं.

मी थोडी चक्रावले. भेळ तर होती. मग पंक्चरवाले अशोकराव हात पुसत आले आणि मी विचारल्यावर त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

‘पयल्यांदा पुन्याची गाडी थांबली,’ ते म्हणाले. ‘म्हनले, फेमस भेळ कुठं भेटंल? मी म्हनलं, भेळ न्हाई, पंक्चर हाय. म्होरल्या रविवारी आनखी दोन गाड्या. मंग रोजचंच झालं. न्हाई न्हाई म्हनून तोंड दुखाया लागलं. शेवटी दिवाळीत हिला म्हनलं, कर बाई भेळ.’

ही म्हणजे त्यांची बायको कांताबाई. गाडीमागे उभ्या राहून कांदा चिरत होत्या. ती मूळ ओळ कोणी लिहिली ते त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या गावाने खोडी काढली असावी असा गावाचा अंदाज होता, कारण फाट्यावर तोवर धड चहासुद्धा मिळत नव्हता. पण ओळ आली ती वेळेवर. ट्यूब नसलेल्या नव्या तऱ्हेच्या टायरांमुळे अशोकरावांच्या दुकानाकडे कोणी फिरकेना झालं होतं, आणि त्यांची मुलगी नगरला नर्सिंगला होती. तिचं हॉस्टेल आता या गाडीवर चाललं होतं.

भेळ आली. बरी होती. प्रसिद्ध नव्हती. चिंच जास्त, गूळ कमी, आणि शेव मऊ पडलेली. कांताबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘काकू, खरं सांगा, कशी झालीया?’ त्या म्हणाल्या. ‘गाडीवाले खात्यात आन् म्होरं जात्यात. कोनी सांगत न्हाई.’

मी चिंचेचं सांगितलं. आमच्या ह्यांनी शेव, मिरची, लसणाचा ठेचा आणि दाणे कसे भाजावेत यावर सविस्तर भाषण दिलं. जन्मात गॅस न पेटवलेला माणूस, पण बोलला अगदी बरोबर. आणि त्या भरात त्यांनी काचेवरच्या कागदाकडे बोट करून सांगून टाकलं, की हे पान आमच्या हिनेच लिहिलेलं आहे, चौकशीबाई म्हणजे हीच.

पुढचं इतक्या झपाट्याने झालं की मला तोंड उघडायला जागा मिळाली नाही. कांताबाईंनी सुरी बाजूला सारली, हात धुतले आणि मला लोखंडी खुर्चीवर बसवलं. अशोकरावांनी किराणा दुकानातून नारळ आणि खण आणवला. दोन-चार बायका जमल्या. आणि ज्या ओळीचा निकाल लावायला मी आले होते, तिच्याबद्दल माझी ओटी भरली गेली. घरातला गहू दळायला गेला होता आणि तांदूळ आणायला वेळ नव्हता, म्हणून गाडीवरचे मुरमुरे घातले. एका म्हातारीने नाक मुरडलं, तेव्हा कांताबाई म्हणाल्या, ‘मुरमुरे बी तांदळाचेच की.’

ती ओळ माझी नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं. तो माझा विनय आहे असं ठरलं. निघताना कांताबाई रस्त्यापर्यंत आल्या आणि त्यांनी आवाज खाली करून विचारलं, ‘ते कोनी पुसनार न्हाई ना, काकू?’

‘कोणीही पुसू शकतं,’ मी म्हटलं. ते तरी खरं होतं.

‘मंग तुमी हायेत की राखायला.’

परतीच्या एसटीत पदरातून मुरमुरे गळत होते. ह्यांनी विचारलं, आता काढणार का? मी म्हटलं, काढावी लागेल. ओटी घेतलीस, ते म्हणाले. मी म्हटलं, म्हणून तर. मग पाथर्डी फाट्यापर्यंत ते गळलेले मुरमुरे वेचून परत माझ्या पदरात टाकत राहिले.

घरी आल्यावर मी पानाच्या चर्चेत सगळं लिहिलं. गावकरी स्वतः सांगतात की दिवाळीआधी इथे भेळ नव्हती, तेव्हा पुरवणीतला मजकूर आपल्याच ओळीवरून आलेला आहे. आणि नियमाप्रमाणे हेही लिहिलं, की माझी तिथे ओटी भरण्यात आली असून तीत मुरमुरे होते, तरी वाचकांनी माझं मत त्या हिशेबाने घ्यावं. वऱ्हाडींचं उत्तर आलं, ‘ओटीत मुरमुरे? संदर्भ हवा.’ मग बऱ्याच वेळाने दुसरं उत्तर आलं. ताई, तुमचं बरोबर आहे, पण तुम्हाला जड जात असेल तर मी काढतो, असं त्यात होतं.

मी नको म्हटलं आणि माझ्या हाताने ओळ काढली. फार वाईट वाटलं. खोटं होतं ते काढलं, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण मला कांताबाईंची ती मुलगी दिसायची, जिला मी पाहिलेलंही नव्हतं. दुसरा कोणी असता तर ती ओळ तशीच राहू दिली असती, आणि जगाचं काही बिघडलं नसतं. त्या आठवड्यात मी युवा नेत्यांवर फार राग काढला.

आखाडात आम्ही पुन्हा खडकगव्हाणला गेलो. मला राहवेना. ह्यांना भेळ हवी होती, असं आम्ही दोघांनी मानून घेतलं. कांताबाईंनी मला लांबूनच ओळखलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. काचेवरचा कागद तसाच होता, जुना, ती ओळ असलेला. मुलीने नगरहून मोबाईलवर पाहून कळवलं होतं, की ओळ गेली आणि चौकशीबाईंनी काढली.

‘माझ्या हातची वटी घेऊन गेल्या,’ कांताबाई म्हणाल्या, ‘आन् जाऊन पुसलं.’

मी खाली बघितलं. मग जमेल तसं सांगितलं, की तिथे खरं असेल तेच ठेवायचं असतं, आणि ते खरं नव्हतं. त्या कांदा चिरत राहिल्या. मोटारवाले कमी झाले होते, हे त्यांनीच सांगितलं. पोरीचं एक वर्ष अजून राहिलं होतं. पण गाडी बंद नव्हती. आम्ही उभे असताना पैठणची एसटी आली, कंडक्टर खाली उतरला आणि पुडी हातात पडेपर्यंत त्याने घंटी दिली नाही. दूध घालून परतणारे दोघे आले. गावातली ती नाक मुरडणारी म्हातारी नातवाला घेऊन आली आणि तिखट कमी टाक म्हणाली. यातलं कोणीही नेटवर वाचून आलेलं नव्हतं.

कांताबाईंनी माझ्यापुढे भेळ ठेवली, न मागता.

‘आधी खरं नव्हतं, ते मला बी ठावं हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आता हाय का न्हाई, तेवढं सांगा.’

मी खाल्ली. गूळ-चिंच जागच्या जागी होती, शेव कुरकुरीत होती, आणि लसणाचा ठेचा थोडा उशिराने कानाशी पोचत होता. ह्यांनी दुसरी प्लेट मागितली होती, पहिली संपायच्या आत. मी खोटं बोलायला गेले असते तरी जमलं नसतं.

‘आहे,’ मी म्हटलं.

‘मंग लिवा.’

मला लिहिता येत नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. मी तिथून ओटी घेतली आहे, म्हणजे मी आता त्यांच्यातली झाले, आणि आपल्या माणसाचं आपण लिहायचं नसतं. शिवाय मला भेळ आवडली हा पुरावा होत नाही. कुठेतरी छापून यावं लागतं, आणि त्याचा पान क्रमांक द्यावा लागतो.

‘खाऊन कळलं ते चालत न्हाई?’

‘नाही.’

‘आन् छापल्यावर चालतंय?’

‘छापल्यावर चालतं.’

कांताबाईंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. ‘मंग छापा की, काकू,’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्या शिकलेल्या हायेत.’

या अंकाचे संपादक गेली काही वर्षं माझ्या मागे लागलेले होते, की तुमच्या या कामाचे अनुभव लिहा. मी नाही म्हणत होते, कारण स्वतःविषयी स्वतः लिहिणाऱ्यांची पानं पुसण्यात माझी सगळी सकाळ जाते. यंदा मी त्यांना आपण होऊन फोन केला. लेख लिहिते म्हटलं, पण दिवाळी अंक छापीलच निघणार ना, एवढं दोनदा विचारून घेतलं.

हा लेख ज्ञानकोशात वापरायचा मला अधिकार नाही. ओटीची नोंद तिथे माझ्या नावावर आहे. वऱ्हाडींनाही मी काही कळवणार नाही, ते शोभणार नाही. दुसऱ्या कोणाला वापरावासा वाटला, तर त्याने माझी ओटी ध्यानात धरावी आणि मग काय ते ठरवावं. माझ्यापुरतं मी लिहून ठेवते. शेवगावच्या पुढे, खडकगव्हाण फाट्यावर, कांताबाईंच्या गाडीवर भेळ फार चांगली मिळते. पूर्वापार नाही, गेल्या दिवाळीपासून. पान क्रमांक खाली आहे, तेवढा बघून ठेवा.